'अवकाळी फोन' चालेल का?

चांदणचुरा: काल रात्री साडेअकराला सहकाऱ्याचा मेसेज आला, "अवकाळी फोन केला, माफ कर." मला हसूच आवरेना. लगेच कळवलं, बाबा रे, पाऊस अवकाळी पडतो, फोन अवेळी येतो. तो हटून बसलाय. माझ्या मते मराठीत ही वाटणी कधीच झालीये: घड्याळ चुकलं तर अवेळी, ऋतू चुकला तर अवकाळी, आयुष्यच आखडलं तर अकाली. 'अवेळी निधन' छापलेलं कुणी पाहिलंय?

जुना_खडू: वाटणी केली कुणी? 'अव' हा अवगुण, अवलक्षण, अवकृपा यांच्यातलाच. अवकाळ म्हणजे नको तो काळ. त्यात पाऊस कुठेय? मथळ्यांनी तो चिकटवला. आता तर नुसतं "अवकाळीने झोडपले" लिहितात, पाऊस शब्दच गाळून!

चांदणचुरा: मुळावरच जायचं तर 'ऐन' हा अरबी शब्द, अर्थ डोळा, अस्सल, नेमकं. पण "कार्यक्रम ऐनवेळी रद्द" वाचून नेमकेपणा कुणाला आठवतो? शिवाय काळ नि वेळ एकच असते, तर "काळ आला होता पण वेळ आली नव्हती" असं का म्हणतो आपण?

जुना_खडू: अहो, त्यातला काळ म्हणजे यम!

चांदणचुरा: बरं, म्हण मागे घेते. वाटणी नाही.

बांधावरून: शेतातलं सांगतो. जुलैत धो धो कोसळून पीक वाहून गेलं तरी ती अतिवृष्टी, अवकाळी नव्हे. मार्चमध्ये गहू कापून पडलाय आणि अर्धा तास भुरभुरला, तो अवकाळी. किती पडला याला महत्त्व नाही, केव्हा पडला याला आहे. म्हणजे शब्द काळाचाच, खडूसर बरोबर. पण आम्ही तो महिन्यांत मोजतो, तासांत नाही. फोनला कसला आलाय हंगाम?

जुना_खडू: मग "वेळी-अवेळी धावून येणारा माणूस" ही स्तुती कशी? तिथे अवेळीचा दोष कुठे गेला?

चांदणचुरा: दोष आहे म्हणूनच स्तुती आहे ना! अडनिड्या वेळीसुद्धा येतो, हेच तर कौतुक. असो, सहकाऱ्याचा आत्ताच नवा मेसेज आला: "बेटाइम डिस्टर्ब केलं, सॉरी."