रहस्यकादंबरी म्हणे एकदाच वाचायची असते!

दिवाभीत
परवा झटपटरावांनी इथे एक धागा काढला. त्याचं सार असं: रहस्यकादंबरी एकदाच वाचायची, खुनी कळला की पुस्तक रद्दीत. जुन्या तर हातातच धरू नयेत, पन्नास पानं हवामान आणि पन्नास पानं फर्निचर. त्यापेक्षा वीस मिनिटांचा सारांश ऐकावा आणि 'मोकळं व्हावं'.

हे 'मोकळं व्हावं' डोक्यात गेलं. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण रात्री झोप येईना म्हणून वेगळा धागा.

फ्रेडरिक फोर्साइथचं 'द डे ऑफ द जॅकल' घ्या. १९७१ सालचं. फ्रान्सचे अध्यक्ष जनरल द गॉल यांना उडवायची सुपारी एका इंग्रजाला मिळते. आता द गॉल गेले कसे? नोव्हेंबर १९७० मध्ये, स्वतःच्या घरी, ऐंशीला टेकलेले असताना. म्हणजे पुस्तक दुकानात यायच्या आधीच अख्ख्या जगाला शेवट ठाऊक: सुपारी फसणार. फोर्साइथ लिहीत होता तेव्हा तर म्हातारा धडधाकट जिवंत होता आणि काही प्रकाशकांनी तेवढ्यासाठीच बाड साभार परत केलं. शेवट सगळ्यांना माहीत, वाचणार कोण? थोडक्यात, झटपटराव तेव्हाही होतेच.

आणि वाचताना काय होतं? हा माणूस ब्रसेल्सच्या एका कारागिराकडून बंदूक बनवून घेतो. आर्देनच्या जंगलात खरबूज टांगून नेम तपासतो. यातली एकही गोळी द गॉलना लागणार नाहीये हे मला पक्कं माहीत आहे. तरी त्या खरबुजाशी माझा श्वास अडकतो. तीनदा वाचलंय. तिसऱ्या खेपेला तर चक्क वाटलं, या वेळी मारतोय हा.

खुनी कोण हे कोडं एकदाच सुटतं, मान्य. जीव टांगणीला लागतो तो मात्र दर वेळी नव्याने. सीता परत मिळणार हे माहीत असूनही आमची आजी दर रामनवमीच्या कीर्तनात डोळे पुसायचीच.

(आता कुणीतरी सिनेमावाल्या हिचकॉकचा टेबलाखालचा बॉम्ब काढेल, प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलेला. काढू नका, पाठ आहे.)

झटपटराव
माझ्या चार ओळींवर एवढं मोठं निरूपण! सत्कारच झाला म्हणायचा.

एका जॅकलवरून नियम होत नाही हो. अगाथा ख्रिस्तीबाईंचं ते दहा जणांचं बेट घ्या, 'अँड देन देअर वेअर नन', १९३९ चं. एकेक जण मरतोय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री बाथरूमला जाताना दिवा लावून गेलो, खोटं का बोला. शेवट माहीत झाल्यावर परत उघडलं, तर चौथ्या मढ्याला जांभई.

आणि मला नोकरी आहे, दोन पोरं आहेत, रोज अंबरनाथ ते ठाणे उभ्याने प्रवास आहे. एका हातात डब्यातली कडी असताना दुसऱ्या हातात तुमचा तो ठोकळा धरून दाखवा. सारांश कानात घालता येतो.

मुलुंडची मावशी
खरा शत्रू सारांश नव्हे, पेन्सिलवाले!

आमच्या वाचनालयातून मी ख्रिस्तीचं एक पुस्तक आणलं. अकराव्या पानावर एका पात्राच्या नावाखाली पेन्सिलीने दोन रेघा आणि समासात 'हाच!!!'. इतकी चिडले की पुस्तक परत करायला निघालेच होते. पण पाऊस होता, म्हणून बसले वाचत. त्या माणसाने चहा ओतला तरी मी म्हणतेय, घातलंस ना विष, मेल्या? शेवटच्या प्रकरणात कळलं, तो नव्हताच! पेन्सिलवाल्याने आपला अंदाज ठोकून दिला होता. इतका मोठा धक्का मला त्या बाईनेसुद्धा कधी दिला नाही.

तरी सांगते, असल्यांची वर्गणी जप्त करायला हवी. आणि शेवटची पानं फाडणाऱ्यांची तर…

शंकासुर
मावशी, तुम्ही दिवाभीतांच्या विरुद्ध पुरावा दिलात. मजा आली ती शेवट चुकीचा कळला म्हणून. खरा कळला असता तर?

माझा आक्षेप निराळा. 'क्लासिक' म्हटलं की लोक माना डोलवायला लागतात. विल्की कॉलिन्सचं 'मूनस्टोन', १८६८. हिरा आपला, १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत गेलेला, म्हणून हौसेने घेतलं. तर कथा सांगायला बसलाय एक म्हातारा कारभारी. त्याला दर अडचणीत 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून कौल लावायची खोड. हिरा चोरीला जाईपर्यंत माझा चहा तीनदा गार झाला. हे मासिकात क्रमशः छापून यायचं. हप्त्याहप्त्याने लिहिलं की पाणी घालावंच लागतं. आमच्या डेलीसोपवाल्यांना मग शिव्या का?

दिवाभीत
तो कारभारी हाच तर त्या पुस्तकाचा जीव आहे. एकच घटना वेगवेगळी माणसं आपापल्या सोयीने सांगतात, आणि तुम्ही पहिल्यावरच विश्वास टाकून बसता. पण ठीक आहे, पहिली शंभर पानं जड जातात. दिलं.

रातपाळीवाला
इंग्रजीचं आपल्याला फार कळत नाही. औषधाच्या कारखान्यात रातपाळी असायची तेव्हा बाबूराव अर्नाळकरांचे रहस्यकथांतले नायक झुंजार आणि काळा पहाड टपरीवरच्या लायब्ररीतून भाड्याने आणायचो. बाबूरावांनी हजाराच्या वर लिहिली, मी शे-दीडशे तरी संपवली असतील. एका पाळीत एक. ती परत नाही वाचली, झटपटरावांशी सहमत. पण नारायण धारपांची भयकादंबरी 'लुचाई' चार वेळा वाचली आणि चारही वेळा बॉयलरच्या बाजूला एकटा गेलो नाही. सुपरवायझरने कारण विचारलं तर काय सांगणार?

जुना भिडू
घ्या, आलीच 'लुचाई'. ती म्हणजे अमेरिकन स्टीफन किंगचं 'सेलम्स लॉट', १९७५. आणि धारपांचीच 'शपथ' म्हणजे किंगचंच 'इट'. मी कॉलेजात धारपांवर निबंध लिहिला होता. अस्सल मराठी भयाची परंपरा वगैरे. बक्षीसही मिळालं. बावीस वर्षांनी भाच्याच्या कपाटात किंग सापडला आणि दोन प्रकरणांत घाम फुटला. भुताचा नाही, लाजेचा.

रातपाळीवाला
मग? मला भीती वाटली ती खरी होती ना?

कोकणकडा
जुना भिडू, हे उगाळून उगाळून आता चंदन संपलं, सहाण झिजली. गो. ना. दातारशास्त्र्यांनी इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स मराठीत आणला तेव्हा लोक रांगा लावून वाचत होते. आमच्या गावात एसटी दिवसातून दोनदा, तिथे किंग कोण पोचवणार होतं? परदेशी भूत उचलून आपल्या वाड्यात, आपल्या माजघरात बसवायचं आणि ते उपरं वाटू द्यायचं नाही, ही सोपी गोष्ट नाही. करून बघा.

जुना भिडू
सोपी नसेल. पण मग 'आधारित' म्हणायला काय जातं? शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे काढून आमरस छान केलात, वाटी मलाही द्या, पण झाड कुणाचं ते सांगा!

कोकणकडा
२०१८ ला 'तुंबाड' बघून उड्या मारल्यात ना? दिग्दर्शकाने स्वतः सांगितलंय की बीज धारपांच्या 'आजी' या कथेत आहे. तेव्हा कुठे गेलं होतं झाड?

जुना भिडू
आणि त्या 'आजी'चीही आजी किंगकडेच! 'ग्रॅमा' वाचा आधी. तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय.

कोकणकडा
तुम्हाला वाचायचं नसतंच, मुद्देमाल जप्त करायचा असतो. तुम्ही निबंधाचं बक्षीस परत केलंत का?

जुना भिडू
वैयक्तिक होऊ नका. (नाही केलं. स्टीलचा डबा होता, आईने त्यात साखर ठेवलीये.)

शंकासुर
धागा कशाचा होता, कुणाला आठवतंय का?

मुलुंडची मावशी
पेन्सिलवाल्यांचा.

दिवाभीत
भिडू आणि कडा, वेगळा धागा काढा, मी पहिली कमेंट देतो. जाता जाता एवढंच: रातपाळीवाल्यांनी एका वाक्यात सगळं सांगितलंय. त्यांना 'लुचाई'चा शेवट चौथ्यांदा माहीत नव्हता का? तरी बॉयलरकडे गेले नाहीत. आणि उलटही खरं असेल. झुंजारची एक रात्रही मजेतच गेली, परत नाही वाचली म्हणून ती वाया गेली असं मी म्हणणार नाही. तेवढा झटपटरावांचा मुद्दा घ्या.

झटपटराव
तेवढा? वा, उपकार झाले.

सांगणार नव्हतो, पण आता सांगतो. शनिवारी मुलीच्या क्लासबाहेर दोन तास बसायचं असतं. तिथे फोनवर तुमच्या जॅकलचा सारांश लावला. वीस मिनिटांत द गॉल वाचले, मी मोकळा. खरबुजाचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. म्हटलं, हा माणूस थाप मारतोय. खात्री करायला म्हणून पुस्तक डाऊनलोड केलं, फक्त ते पान बघायला.

सापडलं. आहे खरबूज.

पण तिथवर जाताना मध्ये ती पासपोर्टची भानगड लागली. लहानपणीच वारलेल्या पोराचा जन्मदाखला काढून त्याच्या नावाने पासपोर्ट. हे असं खरंच चालायचं त्या काळी? काल ठाण्याला उतरायचं राहिलं, मुलुंडहून मागे आलो. मावशी, तुमचं स्टेशन बघितलं.

याचा अर्थ मी हरलो असा नाही. फर्निचर आहेच त्यात. आणि दोनदा वाचणार नाही म्हणजे नाही.

मुलुंडची मावशी
यायचं होतं ना घरी, चहा दिला असता.

दिवाभीत
पासपोर्टची युक्ती खरी होती, ब्रिटनमध्ये पुढे कितीतरी वर्षं चालली. तुम्ही आता कुठवर आलात? तो साधासा पोलिस अधिकारी आला का, लेबेल? बायकोला घाबरणारा? तो आला की पुढे…

झटपटराव
थांबा! एक अक्षर पुढे सांगू नका.

शंकासुर
द गॉल वाचतात.

झटपटराव
तुम्हाला ब्लॉक करतोय.

जुना भिडू
सगळं मिटलं असेल तर एक विचारू? धारपांची 'चेटकीण' कशावरून आहे, कुणाला माहीत आहे का?

कोकणकडा
अरे देवा.