मदत हवी आहे: मुलांना स्वतःहून विरोधाभास शोधायला कसं शिकवायचं?

आठवीच्या वर्गाला (मराठी माध्यम, ४० च्या आसपास मुलं, प्रोजेक्टर नाही, आठवड्यातून एकच तास) नवीन कल्पना सुचायची सवय लागावी म्हणून ठरावीक पायऱ्यांचे व्यायाम घेतेय. आधी स्कॅम्पर घेतलं, म्हणजे वस्तूत काय बदलू, काय जोडू, काय काढून टाकू वगैरे, पण मुलं रकाने भरल्यासारखी उत्तरं देतात, रंग बदलू, आकार मोठा करू, बास.

मग ट्रिझकडे वळले. सोव्हिएत इंजिनियर गेनरिख आल्टशुलरने १९४६ पासून पेटंट्स अभ्यासून बनवलेली पद्धत, त्यातली ४० तत्त्वं या वयाला खूपच जास्त होतात म्हणून मी फक्त विरोधाभास घेतला. छत्री मोठीही हवी आणि लहानही हवी, मग कधी मोठी हवी आणि कधी लहान, असं वेळेनुसार वेगळं करा म्हटल्यावर घडीच्या छत्रीपर्यंत मुलं आपली आपणच पोचली, खरंच मस्त तास झाला तो!

अडतंय पुढे. विरोधाभास मी मांडून दिला तर सोडवतात, पण स्वतः शोधा म्हटलं की नुसती तक्रार लिहितात, "दप्तर जड आहे" एवढंच. "सगळी पुस्तकं मावायला हवीत पण वजन कमी हवं" इथपर्यंत येतच नाहीत. "का जड आहे" असं विचारत नेऊन पाहिलं, गटात बसवून पाहिलं, तर एकदोन हुशार मुलंच बोलतात.

तक्रारीपासून विरोधाभासापर्यंत मुलांनी स्वतः यावं यासाठी मधली पायरी नेमकी कोणती घ्यायची, कोणी वर्गात करून पाहिलंय का?