मदत हवी आहे : मुगाच्या आमटीत मासा निघाला, आता खाऊ काय?

सांजवात
नमस्कार मंडळी. फिलिपिन्सला येऊन अकरा दिवस झाले. मी शाकाहारी. केळी, पाव आणि खारे शेंगदाणे यांवर दिवस काढतेय. आज दुपारी ऑफिसशेजारच्या खानावळीत 'मुंगोस' दिसलं. अख्ख्या मुगाची आमटी, वर शेवग्याचा पाला! डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. चार चमचे खाल्ले. पाचव्या चमच्यातून टाचणीच्या डोक्याएवढे दोन डोळे माझ्याकडे बघत होते. मांस नाही ना, असं आधी विचारलं होतं हो! बाई हसून नाही म्हणाल्या होत्या. इथे नेमकं खायचं काय? जरा लवकर सांगा, नऊला शिफ्ट आहे.

चौकस
फिलिपिन्समध्ये म्हणजे कुठे? सात हजारांवर बेटं आहेत त्या देशात. अंडं चालतं का? स्वयंपाकाची सोय आहे का?

निवृत्त_आणि_निवांत
भारतीय पर्यटकांना २०२५ च्या जूनपासून तिथे १४ दिवस व्हिसा लागत नाही. त्याहून जास्त राहायचं असेल तर आधीच काढून ठेवावा.

सांजवात
काका, मी पोचलेय. व्हिसाही आहे :)
@चौकस, गाव दुमागेते, निग्रोस बेटावरचं. लिहिलं असं वाटलं होतं. अंडं केकमधलं चालतं, समोर दिसणारं नाही.

बांगडेवाला
ताई, तो बुलाद असणार. खारवून वाळवलेली मासळी, आपल्या सुकटीचा भाऊ. मुगात सुकट म्हणजे स्वर्ग आणि तुम्ही तक्रार करताय! दुमागेतेला जाऊन किनिलाव न खाता परत येणं पाप आहे. ताजा मासा कच्चाच कापून व्हिनेगर, आलं, कांदा, मिरची... काही जण वरून नारळाचं दूधही घालतात.

चौकस
त्यांनी शाकाहारी असं स्पष्ट लिहिलंय. 'मासे खा' हे उत्तर असू शकत नाही.

बांगडेवाला
बंगालात मासा शाकाहारीच असतो. हलके घ्या.

सेबूकर
मी शेजारच्या सेबू बेटावर नऊ वर्षं आहे, त्यामुळे थोडं अधिकारवाणीने लिहिते. सांजवात, त्या बाई खोटं बोलल्या नाहीत. इथे 'कार्ने' म्हटलं की लोकांच्या मनात डुक्कर नाहीतर गाय येते. मासळी त्यात धरतच नाहीत, आणि सुकी मासळी तर निव्वळ चव! म्हणून एकेक नाव घेऊन नकार द्यायचा : 'वालाय बाबोय, वालाय मानोक, वालाय इस्दा, वालाय गिनामोस'. डुक्कर नको, कोंबडी नको, मासा नको, गिनामोस नको. हा शेवटचा सगळ्यात लबाड, मासे किंवा जवळा मिठात मुरवून केलेला. एवढं सांगूनही रश्शात पोर्कच्या अर्काची क्यूब असू शकते, ते वेगळंच.

सकाळी बाजारातल्या पाइनितानमध्ये, म्हणजे गरम नाश्त्याच्या टपऱ्यांवर जा. बाकांवर खेटून बसायचं. पुतो माया मागायचं : चिकट तांदळाचा भात, नारळाच्या दुधात आलं घालून शिजवलेला, सोबत पिकला आंबा. आणि सिकवाते, म्हणजे भाजून वाटलेल्या कोकोच्या वड्या पाण्यात उकळून केलेलं दाट पेय. ते घुसळायला लाकडी रवी असते आणि ती दोन तळहातांत धरून फिरवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आजीचं ताकच आठवलं. बुदबुद काबोगही शोधा. भरड धान्य नारळाच्या दुधात शिजवून केळीच्या पानात गुंडाळलेलं असतं. जवळच्या तान्हायचं जास्त नावाजलेलं. रिझाल बुलेवारवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, संध्याकाळी काड्यांवर 'तेम्पुरा' तळतात, तो मात्र माशाच्या पिठाचा. भजी समजून फसू नका.

चौकस
सोन्यासारखा प्रतिसाद. पण नाश्ता झाला, जेवणाचं काय? स्वयंपाकाच्या सोयीचं त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

सांजवात
सेबूकर, साष्टांग नमस्कार! बोर्डिंग हाऊसमध्ये राहते. खोलीत शेगडीला परवानगी नाही.

चौकस
हेच पहिल्या ओळीत हवं होतं.

रेवदंड्याची_मी
राइस कुकर चालतो का विचारा. तिथे भाताशिवाय कोणाचं पान हलत नाही, नाही म्हणणार नाहीत. त्यात मूगडाळ, हळद, मीठ. झालं वरण.

सेबूकर
+१. मूग, शेवगा, वांगी, दुधी, सगळं बाजारात मिळतं. शेवगा 'कामुंग्गाय' म्हणून मागा. आणि कांदा हवा असेल तर 'बोंबाय' म्हणा. खरंच, इकडे कांद्याला तेच नाव आहे.

बांगडेवाला
म्हणजे मुंबईकर तिथे कांदे झाले की!

सांजवात
गल्लीतली पोरं मला बघून 'बुंबाय, बुंबाय' ओरडतात. मी पुण्याची आहे हे कोणाला पटवू?

सेबूकर
भारतीय माणूस म्हणजे बुंबाय, मग तो अमृतसरचा असो की मदुराईचा. मोटरसायकलवरून दारोदार व्याजाने पैसे देणारे पंजाबी लोक पिढ्यान् पिढ्या इथे आहेत. धंद्याचं नाव 'फाइव्ह-सिक्स' : पाच घ्या, सहा परत करा. पोरं ऐकेनात तर आया सांगतात, बुंबाय पोत्यात घालून नेईल! तुमच्याकडे पोतं नाही हे कळलं की चिडवायची थांबतील.

निवृत्त_आणि_निवांत
अवांतर : तिथे बिबिंगका नावाचा केक मिळतो असं वाचलंय. हाच गोव्याचा बेबिंका ना?

बांगडेवाला
काका, नाही. गोव्याचा थरांचा, अंड्याच्या बलकांचा. त्यांचा तांदळाच्या पिठाचा, थर नाहीत.

रेवदंड्याची_मी
पण पारंपरिक पद्धतीत दोन्हींना निखारे वरून लागतात आणि नारळाचं दूध दोन्हींत. नाव उगाच जुळलं का?

बांगडेवाला
वरून निखारे तर बिर्याणीलाही ठेवतात. मग तीही बेबिंकाच म्हणा.

चौकस
वेगळा धागा काढा, ही विनंती.

सेबूकर
सांजवात, आणखी एक. गल्लीतल्या सारी-सारी, म्हणजे छोट्या किराणा दुकानात जाळीमागे कोणी दिसत नसेल तर नुसतं उभं राहू नका. 'आय्यो!' अशी हाक मारायची, मग 'पालित को', म्हणजे मला घ्यायचंय. तेल, व्हिनेगर, शाम्पू सगळं सुटं किंवा पुडीत मिळतं. खोलीत एकटीला तेवढं पुरतं.

सांजवात (पाच दिवसांनी)
ताजी खबर. राइस कुकर घेतला. काल वरण-भात केला आणि मोह आवरला नाही म्हणून बॅगेतल्या डबीतला हिंग टाकला. दहा मिनिटांत मालकीणबाई दारात. गॅस गळतोय म्हणे! अख्ख्या मजल्यावर सिलिंडर नाही, तरी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. आणि रोज सकाळी सहाला खालच्या मजल्यावर बुलाद तळतात, तेव्हा मी उशीत तोंड खुपसते ते कोणी विचारत नाही. शेवटी त्यांना वाटीभर वरण दिलं. बाईंनी उभ्याउभ्या संपवलं, 'लामी' म्हणाल्या. चविष्ट म्हणजे. मी कुकर धुवायला गेले.

आता आत्ताच त्यांनी वाटी परत पाठवलीय, रिकामी नाही. बशीत उकडलेली कच्ची केळी आहेत आणि वाटीत गुलाबीसर, लोणच्यासारखं काहीतरी. केळ्याला लावून खायचं असतं म्हणे. खाऊ का?

चौकस
थांबा!!

सेबूकर
वास घेऊन पाहा. गिनामोस आहे.

बांगडेवाला
केळी तुम्ही खा. वाटीला झाकण लावा, मी तिकिटं बघतो.