सराव चाचण्या देतोय, तरी प्रश्न फिरवला की अडतं. मदत हवी आहे

फोंडेकर: रोज सराव चाचणी देतो. तीच चाचणी परत दिली की नव्वदच्या वर, प्रश्न जरा फिरवला की ठप्प. आठवड्याने निम्मं विसरलेलं असतं. परीक्षा तोंडावर आलीय, लवकर सांगा.

डिचोलीकर: परीक्षा कसली? बहुपर्यायी की लेखी? उत्तरं कशी तपासता?

फोंडेकर: स्टाफ सिलेक्शन. बहुपर्यायी. शेवटी गुण दिसतात की.

डिचोलीकर: गुण म्हणजे फीडबॅक नव्हे. चुकीचा पर्याय निवडून तसाच सोडला तर पुढे तोच खरा वाटायला लागतो. प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर आणि त्यामागचं कारण वाचा. अंदाजाने बरोबर आलेल्यांवरही खूण करा, ती लगेच निसटतात.

पेडणेकर: पहाटे चारला उठा, डोकं ताजं असतं.

मडगावकर: एवढा खटाटोप कशाला? पुस्तक चारदा वाचा, पक्कं होतं.

साखळीची बाई: पाच मिनिटांपुरतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२.

मडगावकर: तिथे उतारा आठवून लिहायचा होता बाई, पर्याय नव्हते. आणि फीडबॅकही दिला नव्हता.

साखळीची बाई: बरोबर. म्हणून पर्याय हाताने झाकायचे, उत्तर वहीत लिहायचं, मगच हात काढायचा. तीच चाचणी दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, मग आठवड्याने; पण दर वेळी प्रश्न बदलून. ‘गोव्याचा ओपिनियन पोल, म्हणजे जनमत कौल, कधी?’ याचं १६ जानेवारी १९६७ एवढंच घोकलं तर बाकी काही हाती लागत नाही. ‘त्यात घटक राज्य हा पर्याय होता का?’ असं विचारा. नव्हता: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढंच. मग ३० मे १९८७ ला घटक राज्य होईपर्यंत गोव्याचा दर्जा काय होता, हे आपसूक सुटतं.

म्हापसेकर: विलीनीकरणाचं चिन्ह फूल, केंद्रशासितचं दोन पानं. हेही विचारतात.

डिचोलीकर: म्हापसेकर, पोलचा वेगळा धागा काढा.

फोंडेकर: गणितालाही हेच?

साखळीची बाई: तिथे नुसते आकडे बदलून भागत नाही. टक्केवारीची दहा गणितं ओळीने सोडवली की कुठली रीत लावायची हे ठरवावंच लागत नाही, आणि परीक्षेत अडतं ते तिथेच. टक्केवारी, नफा-तोटा, काळ-काम उलटसुलट मिसळा. चुकलेल्या गणितापुढे रीत चुकली की आकडेमोड, तेवढं लिहा.