अर्धा नारळ, वाटीभर भात आणि मी एकटा

एकटा_जीव_वेर्णा
नमस्कार मंडळी. मूळचा सांगलीचा, आठ महिने झाले गोव्यात वेर्ण्याला नोकरीला आहे. राहायला मडगावात एक खोली, गॅसची शेगडी, दोन लिटरचा कुकर, मिक्सर आणि घरमालकीणबाईंनी दिलेला जुना फ्रीज. सुरुवातीला बाहेरच जेवायचो, रोज फिश थाळी खाऊन पैसेही गेले आणि पोटही बिघडलं म्हणून आता घरी करतो. करता येतं सगळं, प्रॉब्लेम करण्याचा नाहीच, उरण्याचा आहे. एक वाटी तांदूळ लावला की तिप्पट भात होतो, अर्धी वाटी लावला तर कुकरच्या तळाला लागतो. नारळ फोडला की अर्धा वापरतो, उरलेला अर्धा चौथ्या दिवशी बुळबुळीत. गेल्या महिन्यात असे तीन अर्धे टाकले, म्हणजे दीड नारळ, आणि नारळाचे भाव काय झालेत ते तुम्हीच बघताय. त्यात संध्याकाळी पोदेर, म्हणजे इथला पाववाला, पों पों करत येतो, दोनच पोई (इथला पाव) मागायला लाज वाटते म्हणून चार घेतो आणि त्यातल्या दोनांचं सकाळी चामडं झालेलं असतं.

आईला फोन केला की ती म्हणते फोडणीचा भात कर. केला. आठवड्यात चार वेळा केला, आता मोहरी तडतडली तरी जेवण नको वाटतं. तर एकटे राहणारे लोक तुम्ही काय करता? मासे खातो, सगळं खातो.

फोंड्याची_काकू
अरे बाबा, तुझा हिशोबच उलटा आहे. आमच्याकडे हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणाची माशाची आमटी, करतानाच दुसऱ्या दिवसाचं धरून करतात. त्याला उरलेलं म्हणत नाहीत, ती कालची कडी. मुद्दाम दोन डाव रस जास्त ठेवायचा. मासे आज संपवायचे, रस उद्याला. सकाळी तो रस लहान टोपात घ्यायचा, मातीचं कुंडलं असेल तर उत्तमच, आणि एकदा चांगला उकळून मग अगदी बारीक गॅसवर झाकण न ठेवता आटवायचा. मधून मधून ढवळत राहा, नाहीतर नारळ खाली लागतो. पंधरा वीस मिनिटांत पाणी उडतं, रंग विटकरी लालसर गडद होतो, कडेला तेलाचे थेंब दिसायला लागतात, सोलांचा (आमसुलांचा) आंबटपणा आणि तिरफळांचा वास त्यात मुरलेला असतो. मग तुझी ती चामडं झालेली पोई घे, पाण्याचा हात फिरवून तव्यावर दोन्हीकडून गरम कर आणि टोपाच्या कडेचं खरवडून पुसून खा. ताज्या पोईला ती चव नाही, ती फार मऊ पडते, लगेच भिजते.

आणि भात उरतो म्हणतोस तर उकडे तांदूळ का आणत नाहीस? सकाळीच पेज टाकायची, वाटीभर तांदळाला सात आठ वाट्या पाणी, मीठ. आमचे बाबा अकरा वाजता शेतातून येऊन पेज आणि कालची कडी खायचे, सोबत तोरांचं (कैरीचं) लोणचं. एकट्या माणसाला यापेक्षा स्वस्त काही नाही. उरलेल्या उकड्या भाताचीही पेज होते, पाणी घालून चांगली शिजव आणि डावाच्या पाठीने थोडी चेच.

तळाला लागतो त्याचं काय, तू थेट कुकरात लावतोस वाटतं. खाली पेलाभर पाणी घाल आणि आत डबा ठेव, मग मूठभर तांदूळही नीट होतो. वरच्या डब्यात डाळ होऊन जाते.

किचन_नंबर_2
काकूंच्या कालच्या कडीला नमस्कार, मीही त्यावरच वाढलो. पण मी कळंगुटला हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो म्हणून दोन गोष्टी सांगतोच, कारण पोरगा एकटा आहे, रात्री पोट बिघडलं तर पाणी द्यायला कोणी नाही.

पूर्वी हुमण रात्री एकदा उकळून चुलीच्या उबेला ठेवायचे, सकाळी परत उकळायचे. आता गॅस बंद केला की झालं, रात्रभर ओट्यावर तसंच राहतं आणि आपल्याकडची दमट हवा. त्यामुळे जेवण झालं की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. बांगडा, तारली असल्या माशांचं तर जास्तच सांभाळायचं. हे मासे गरमीत पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, लोकांना वाटतं अॅलर्जी झाली. आणि ते उकळल्याने जात नाही. म्हणजे बाजारातून आणलेला बांगडा पिशवीत घेऊन अर्धा दिवस फिरायचं नाही, मग हुमण कितीही उकळलं तरी उपयोग नाही.

भाताचंही तसंच. तांदळातले काही जंतू शिजवूनही पूर्ण मरत नाहीत, भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष परत गरम करून जात नाही. कुकरात झाकून ठेवू नकोस, ताटात पसर, वाफ गेली की डब्यात भरून फ्रीजमध्ये टाक. काढशील तेव्हा खाशील तेवढाच काढून कडकडीत गरम कर. पावसात लाईट जाते तेव्हा फ्रीजचं दार उगाच उघडून बघायचं नाही एवढं लक्षात ठेव, आमचा एक रूममेट दर दहा मिनिटांनी आत थंड आहे का म्हणून बघायचा.

नारळफोड्या
नारळाचा प्रश्न मी सोडवलाय, पाच वर्षं वास्कोत एकटा आहे.

नारळ अर्धा वापरायचाच नाही. फोडलास की दोन्ही वाट्या त्याच दिवशी खोवून टाक. आदोळी (खोवणीची विळी) नसेल तर खोबरं सुरीने काढून तुकडे मिक्सरला फिरव, चालतं. अर्धी सोय (खोवलेलं खोबरं) अशीच कोरडी, चपट्या पिशवीत पापडासारखी पातळ पसरून फ्रीजरला. गोळा करून ठेवलीस तर दगड होतो आणि मग हातोडी शोधावी लागते, अनुभव आहे. पातळ असली की हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. उरलेल्या अर्ध्याचं हुमणाचं वाटण: सुक्या मिरच्या, धणे, हळद, लसूण, थोडी चिंच, कमीत कमी पाण्यात गंधासारखं वाटायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये. मला एका वेळेला चार क्यूब लागतात. सोमवारी बांगड्याला चार, बुधवारी मूठभर सुंगटांना (कोळंबीला) चार, काही मिळालं नाही तर भेंडी किंवा आंबाडे घालून चार. सोलं आणि तिरफळं आयत्या वेळी. पंधरा मिनिटांत हुमण. महिनाभर आरामात राहतं, फक्त ट्रे झाकून ठेव नाहीतर आईस्क्रीमला लसणाचा वास येतो 😅

आणि वाटी ठेवायचीच झाली तर आई म्हणायची डोळ्याकडची आधी संपव, ती लवकर खराब होते. खरं खोटं देव जाणे पण मी अजून तसंच करतो.

सत्तरीचा_गडी
सगळे माशाच्या मागे. शाकुतीचा, म्हणजे मसालेदार चिकनचा, रस उरला तर? तोच रस गरम करून ऑम्लेटवर ओतायचा, वर कांदा, लिंबू. रात्री गाड्यावर रस ऑम्लेट पैसे देऊन खातोस ना, तेच.

डब्यात सुकी सुंगटं ठेव. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, ताजा मासा कमी आणि महाग, तेव्हा तीच कामाला येतात. पावसाच्या तोंडावर पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) बाजारात घे. मूठभर सुंगटं तव्यावर कुरकुरीत भाजायची, डोकी-शेपट्या काढायच्या, त्यात कांदा, मिरची पूड, मीठ, चिंचेचा कोळ नाहीतर भिजवलेलं सोल आणि दोन चमचे नारळ हाताने कुस्करायचं. किसमूर झाली. नारळफोड्याच्या फ्रीजरमधला तुकडा इथे लागतो. पेज, वरणभात कशाबरोबरही चालते आणि एका माणसाचीच करता येते, उरतच नाही. कांदा घातल्यावर लगेच खा, नंतर पाणी सुटतं.

पेडण्याची_पोर
मी सोमवार गुरुवार शाकाहारी त्यामुळे माझा फ्रीज वेगळा. उरलेल्या भाताची घावनं कर ना! वाटीभर भात, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, एक चमचा खोबरं, मीठ, पाणी घालून मिक्सरमधून एकदम गुळगुळीत. ताकासारखं पातळ हवं. तवा चांगला तापवायचा आणि कडेकडून ओतत आत यायचं, मग जाळी पडते. पहिलं घावन तव्याला चिकटतंच, ते मांजरीचं.

अळसांद्याचं (चवळीचं) तोंडाक, म्हणजे रस्सा, उरलं तर बटाट्याची एक फोड कुस्करून, पाणी घालून सारखं कर, झाली पावाबरोबरची पातळ भाजी. खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचा रस्सा, तर दुसऱ्या दिवशीच खावं. भाजी पावभर सुद्धा मिळते, फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर मी दोन गाजरं आणि एक वांगं घेते, कोणी हसत नाही. लाजायचं काय त्यात?

एकटा_जीव_वेर्णा
सगळ्यांचे खूप आभार, रविवारी उद्योग केला. नारळ खोवताना दोन बोटं सोलली पण ट्रे भरला. बांगडे दोनच मागितले, मासेवाली मावशी म्हणाली वाटा घे, शंभरला सहा देते, मी म्हटलं एकटाच आहे, तर तिने तीन दिले आणि दोनाचेच पैसे घेतले. हुमण केलं, रस मुद्दाम जास्त ठेवला, झाकून फ्रीजला टाकला. आज सकाळी आटवला. काकू, तुम्ही लिहिलेलं ते कडेचं तेल दिसेपर्यंत थांबलो, ऑफिसची बस चुकली, पण टोप धुवायची गरज उरली नाही इतका पुसून खाल्ला. घावनं मात्र पहिली तीन मांजरीला गेली, एक नाही.

आईला सांगितलं शिळं हुमण खाल्लं तर ती रागावली. कालची कडी म्हणतात म्हटल्यावर म्हणाली कडी म्हणजे ताकाची का? आता तिला कसं समजावू.

आणि हो, काल पोदेराकडे दोनच पोई मागितल्या. काही बोलला नाही तो, दिल्या आणि गेला.

फोंड्याची_काकू
दोन कशाला? कडी करणार असशील तर चारच घे.