नोकरी सांभाळून घरगुती संगणक दुरुस्ती: सुरुवात कशी करावी?

मनीषनगरकर
नमस्कार. मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका खासगी कारखान्यात संगणक विभागात काम करतो आणि शेजाऱ्यांचे व नातेवाइकांचे संगणक बऱ्याच काळापासून विनामूल्य दुरुस्त करून देत आलो आहे. आता संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी हेच काम शुल्क घेऊन, लोकांच्या घरी जाऊन करण्याचा विचार आहे. गाळा भाड्याने घेण्याची ऐपत नाही आणि इच्छाही नाही. नोंदणी कोणती लागते, कोणती कामे घ्यावीत आणि ओळखीच्या लोकांकडे पैसे मागावेत कसे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

धरमपेठी कारागीर
दुरुस्ती तुम्हाला येते, असे धरून चालतो. या धंद्यात भांडणे होतात ती बहुधा ग्राहकाच्या डेटावरून. विंडोज नव्याने टाकताना सी ड्राइव्ह पुसली गेली आणि मुलीच्या लग्नाचे फोटो किंवा दुकानाचा टॅली या हिशेबाच्या प्रणालीतला हिशेब नेमका तिथेच होता, असे झाले की संगणक कितीही उत्तम चालू लागला तरी पैसे मिळत नाहीत आणि संबंधही तुटतो. म्हणून यंत्राला हात लावण्यापूर्वी पावती करावी. तिच्यावर यंत्राचा अनुक्रमांक, ग्राहकाच्या शब्दांत तक्रार, सोबत घेतलेला चार्जर वा बॅग, आणि बॅकअप आहे की नाही याचे ग्राहकाने दिलेले उत्तर लिहून त्याखाली त्याची सही घ्यावी. बॅकअप नसेल तर पहिले काम तेच, आणि त्याचे शुल्क वेगळे. पासवर्ड शक्यतो ग्राहकालाच टाकायला सांगावा.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. ते काम डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेचे आहे, आणि तसे स्पष्ट सांगून परत येण्यात कमीपणा नाही.

‘नकली विंडोज टाकून द्या, सगळेच देतात’ अशी मागणी हमखास येईल. प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३बी नुसार संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. असे ग्राहक सोडून द्यावेत, असे माझे मत आहे.

हिशेबनीस
विसापेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते, आणि बँकेत चालू खाते उघडताना तिची पावती उपयोगी पडते. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी आधार व पॅनवर विनाशुल्क होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मात्र मध्य प्रदेशातील सौंसर-पांढुर्णाकडच्या ग्राहकाला सुटे भाग विकाल तर तो आंतरराज्य पुरवठा ठरतो आणि ही सवलत लागू राहत नाही. या सगळ्याआधी नोकरीचे नेमणूकपत्र वाचावे. जोडधंद्याला मनाई असेल तर लेखी परवानगी घ्यावी.

बर्डीवाला
कामांविषयी लिहितो. नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि घरोघरी खिडकीला कूलर लागतो. संगणकाचे टेबल बहुतेक त्याच खिडकीशी असते, त्यामुळे धूळ आणि दमट हवा दोन्ही थेट कॅबिनेटमध्ये शिरतात. पंखे जाम होतात, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळते, रॅमच्या पट्ट्यांवर थर चढतो, आणि मे महिन्यात ‘आपोआप बंद पडतो’ अशी तक्रार सुरू होते. मार्चमध्येच सफाईचे काम ठरावीक दरात देऊ केल्यास सुरुवातीचे ग्राहक सहज मिळतील. ब्लोअर, चांगले पेचकस, मल्टिमीटर आणि तपासणीसाठी एक चालू एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) एवढे साहित्य आरंभी पुरते. मदरबोर्डवरील चिप बदलण्याची कामे बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) कारागिरांकडे द्यावीत.

दुसरे मोठे काम जुन्या यंत्रांचे. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागत असल्याने चांगले चालणारे अनेक संगणक त्यात बसत नाहीत. ज्यांचे काम पत्रलेखन आणि इंटरनेटपुरते आहे त्यांना एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) बसवून विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली द्यावी, पण बँकेची डिजिटल सही किंवा टॅली वापरणाऱ्यांना तो सल्ला देऊ नये.

मनीषनगरकर
सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. नेमणूकपत्र उद्याच पाहतो. ओळखीच्यांचे पैसे मात्र राहिलेच.

धरमपेठी कारागीर
भेटीचे तपासणी शुल्क फोनवरच सांगून टाकावे, घरी चहा झाल्यावर ते तोंडातून निघत नाही. नातेवाईक असले तरी पावतीवर पूर्ण रक्कम लिहावी आणि खाली सवलत वजा करून दाखवावी. पुढच्या वेळी तेच आपला दर स्वतःहून इतरांना सांगतात.