नव्या संगीत त्रैमासिकाला नाव सुचवा (ठाणे)

मासुंदाकाठ

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही नौपाड्यातले काही मित्र मिळून संगीतावरचं मराठी त्रैमासिक काढतोय. छापील अंक, शिवाय मोबाइलवर वाचायला ई-अंक. पहिला अंक दिवाळीला काढायचा विचार आहे. मजकूर बराचसा जमलाय, छापखान्याशी बोलणं झालंय. घोडं अडलंय ते नावावर.

अंकात काय असेल ते आधी सांगतो, म्हणजे नुसती गोडगोड नावं येणार नाहीत. शास्त्रीय आणि नाट्यसंगीत आहेच. ज्या शहरात महापालिका पं. राम मराठ्यांच्या नावाने महोत्सव भरवते तिथे ते टाळून कसं चालेल? पण तेवढंच नाही. कळवा-खारीगावपासून पार बेलापूरपर्यंतची बेंजो पथकं, हळदीच्या रात्रीची गाणी, लग्नात धवले म्हणणाऱ्या आगरी बायका, ढोलताशावाले, घरातच माइक लावून स्वतःची गाणी करणारी पोरं, पेटी-तबला दुरुस्त करणारे कारागीर, हे सगळं एकाच अंकात हवंय.

आत्तापर्यंतची यादी: स्वरगंध, सूरसंवाद, मैफल, षड्ज, ठेका, खर्ज, दाद, जवारी (तंबोऱ्याच्या तारेची गुंज). माझं मत जवारीला. बाकीचे नाकं मुरडतायत.

ऐरोलीची_ताई

पहिली दोन आजच खोडा. 'स्वर' आणि 'सूर'ने सुरू होणारी नावं एवढी झालीत की आमच्या एका सेक्टरमध्ये गाण्याचा क्लास, दिवाळी पहाटवालं मंडळ आणि कराओके ग्रुप, तिघांच्याही फलकावर स्वर-काहीतरी आहे. कुणाचं कुठलं ते मलाही सांगता येत नाही. मैफलचंही तेच.

षड्ज छान आहे, पण निम्म्या लोकांना लिहिता येणार नाही. चेकवर चुकीचं लिहितील आणि तुम्ही बँकेत खेटे घालाल.

प्लॅटफॉर्म_दोन

दादा, माझा स्टेशनबाहेर पेपरचा स्टॉल आहे. माझ्या बाजूने सांगतो. मासिकं आम्ही दोरीवर चिमट्याने लावतो, नाहीतर पायरीसारखी एकावर एक सरकवून ठेवतो. दोन्हीकडे गिऱ्हाइकाला दिसते ती वरची चार बोटांची पट्टी. नाव तेवढ्यात मावलं पाहिजे, तेही डावीकडून, कारण उजवी बाजू शेजारच्या अंकाखाली जाते. खाली सुंदर फोटो टाकलात तरी तो दिसतो अंक हातात घेतल्यावर. आणि हातात घ्यायचा की नाही ते वरची पट्टी ठरवते.

आता तुमची नावं. ठेका म्हटलं की लोक महापालिकेच्या टेंडरचा पेपर समजतील. खर्ज गर्दीत ओरडून मागितला तर खर्च ऐकू येतो. दाद मला फार आवडलं होतं, पण लोकलच्या डब्यात 'दाद, खाज, खुजली'च्या जाहिराती वाचतच लोक माझ्या स्टॉलवर येतात. राहू द्या.

पाचपाखाडी_वकील

नाव आवडणं वेगळं आणि मिळणं वेगळं. छापील नियतकालिकाचं शीर्षक सरकारदरबारी मंजूर करून घ्यावं लागतं. १८६७ चा जुना कायदा गेला. १ मार्च २०२४ पासून प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ लागू आहे. अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन करायचा. पूर्वीसारखं जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात घोषणापत्र घेऊन उभं राहावं लागत नाही.

नियम नीट वाचा, लोक इथेच फसतात. दुसऱ्या कुणाच्या शीर्षकाशी तुमचं नाव जुळत असेल किंवा त्याच्यासारखं वाटत असेल, तर दोन ठिकाणी अडतं: त्याच भाषेत भारतात कुठेही, आणि आपल्या राज्यात कुठल्याही भाषेत. म्हणजे इंदूरहून निघणारं मराठी पाक्षिक तुम्हाला आडवं येऊ शकतं, आणि मुंबईतलं गुजराती साप्ताहिकसुद्धा. चेन्नईहून १९८३ पासून 'श्रुती' हे इंग्रजी मासिक निघतं. त्या नावावरून मराठीत तुम्हाला या कायद्याने थेट अडवता येणार नाही, पण संगीताच्याच क्षेत्रात दुसऱ्याचं नाव उचलायचं कशाला? त्यामुळे एका नावावर जीव लावू नका. पसंतीक्रमाने चार-पाच तयार ठेवा आणि आधी पोर्टलवर शोधून बघा.

ट्रेडमार्क हा निराळा विषय. छापील अंकासाठी वर्ग १६, ऑनलाइन प्रकाशन आणि कार्यक्रमांसाठी वर्ग ४१. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन अर्ज केलात तर प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये सरकारी फी. 'संगीत पत्रिका' अशा नुसत्या वर्णनाच्या नावाला तिथे संरक्षण मिळणं कठीण.

रेकॉर्डवाला

सगळ्या अंकाचा सारांश नावातच कोंबायचा अट्टहास सोडा. अमेरिकेतलं 'बिलबोर्ड' १८९४ मध्ये निघालं ते भिंतीवर जाहिराती चिकटवणाऱ्या धंद्यासाठी. गाण्यांकडे ते नंतर वळलं, नाव तेच राहिलं, कुणाचं काही बिघडलं नाही. लंडनचं 'ग्रामोफोन' १९२३ चं. ग्रामोफोन माळ्यावर गेला, मासिक चालू आहे.

उलट आपल्याकडे सरळ नावांची परंपरा आहे. हाथरसचं हिंदी मासिक १९३५ पासून नुसतं 'संगीत'. गांधर्व महाविद्यालय मंडळाचं 'संगीत कला विहार' तर तुमच्या शेजारचंच, मंडळाची वास्तू वाशीत आहे. ही भारदस्त नावं त्यांना शोभतात, मागे संस्था आहे. तुम्ही बेंजो आणि नाट्यपद एका पानावर आणणार, तुम्हाला थोडं खट्याळ नाव चालेल. काय काय आहे ते नावाखालच्या बारीक ओळीत लिहा.

मासुंदाकाठ

वकीलसाहेब, आभारी आहे. आता जवारीची बाजू मांडू द्या, नाहीतर ती न बोलताच जाईल.

तंबोऱ्याची तार घोडीवरून जाते तिथे खाली एक दोरा असतो. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा कानस लावून लावून घासतात, मग तो दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवतात. तोवर तार मुकी असते, ठणठण वाजते. एका जागी दोरा आला की तीच तार गुंजायला लागते, खोली भरून जाते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातांच्या कामाला. संगीताबद्दल लिहिणाऱ्यांनी याहून दुसरं काय करायचं असतं?

पण अडचण खरी आहे. छापखान्याने अंदाजपत्रक पाठवलं त्यावर ठळक अक्षरांत 'ज्वारी त्रैमासिक'. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हापासून भाकरीचे फोटो येतायत.

रेकॉर्डवाला

हा हा. इंग्लंडातल्या 'क्यू' मासिकाचं अगदी हेच. १९८६ मध्ये काढताना नाव ठरलं होतं 'क्यू' (Cue), म्हणजे रेकॉर्डवर सुई टेकवण्याआधीची तयारी. पण लोक स्नूकरच्या काठीचं मासिक समजतील म्हणून उच्चार तोच ठेवून फक्त एक अक्षर (Q) ठेवलं. त्यांना पळवाट होती. तुम्हाला शेतकी मासिकांच्या रांगेतून बाहेर कोण काढणार?

खारीगावचा_बेंजो

ज्वारीचं सोडा, माझं म्हणणं वेगळं आहे. जवारी म्हटलं की तंबोरा, तंबोरा म्हटलं की बैठकीचं गाणं. मग आम्ही आलो पाहुणे. आमच्या बेंजोला बटणं असतात, खाली ॲम्प्लिफायर असतो, आणि वरातीत समोरचा पोरगा नाचला पाहिजे एवढाच नियम. अंकात आम्हाला घेताय, चांगलं करताय, पण नावातच सतरंजी अंथरलीत तर आमची पोरं चपला काढून बाहेर उभी राहतील.

ऐरोलीची_ताई

दादांचं पटलं. मग वाजवणाऱ्याकडून न बघता ऐकणाऱ्याकडून बघा ना. तानसेन होता आलं नाही तरी कानसेन होता येतं, असं आपण म्हणतोच. कानसेन ठेवा. हळदीतला माणूसही कानसेन, गडकरी रंगायतनमध्ये पहिल्या रांगेत डोळे मिटून मान हलवणारे काकाही कानसेन. दुसरं सुचतंय ते साथसंगत. त्यात पेटीवाले, ढोलकीवाले, सगळे येतात.

पाचपाखाडी_वकील

कानसेन ऐकून आधी कानाचा दवाखाना आठवला. तरी चालेल. शिवाय हे नुसतं वर्णनाचं नाव नाही, त्यामुळे ट्रेडमार्कच्या दृष्टीने बरं.

खारीगावचा_बेंजो

कानसेन एक नंबर. साथसंगत नको. आम्ही साथीला नसतो, आम्हीच मेन असतो.

मासुंदाकाठ

रात्री सगळ्यांशी बोललो. अर्जातला क्रम असा: कानसेन, साथसंगत (बेंजोदादा, सॉरी, पर्याय तर हवेत), मग जवारी. पहिल्या दोनांपैकी एक मिळालं तर कारागिरांवरच्या सदराला जवारी नाव देणार, तिथे कुणी भाकरीचं बोलणार नाही. खालची ओळ ठरली: 'गाणं, वाजवणं आणि ऐकणं'. सोमवारी पोर्टलवर शोध घेऊन इथेच कळवतो.

प्लॅटफॉर्म_दोन

कानसेन चार अक्षरं, डावीकडच्या पट्टीत आरामात बसतं. मथळ्यावर वेलबुट्टी, वीणा, मोर काही काढू नका, लांबून अक्षर कळत नाही.

आणि दादा, दिवाळीला काढू नका. तेव्हा माझ्या स्टॉलवर दिवाळी अंकांची अशी चळत लागते की नेहमीच्या मासिकांनाही जागा उरत नाही. नवं नाव त्यात गडप होईल. गुढीपाडव्याला आणा. दोरीवर पहिला चिमटा तुमचा, महिनाभर हलवणार नाही. कमिशनचं तेवढं समोरासमोर बोलू.